चुलीचे पंचांग : गोव्यातील ख्रिस्ती सणांचा स्वयंपाक

इतिहास म्हटला म्हणजे आमच्या डोळ्यांपुढे किल्ले, तह आणि तख्ते उभी राहतात. चुलीलाही इतिहास असतो हे कोणी नाकारीत नाही. पण तो लिहिण्याजोगा असतो असेही फारसे कोणी मानीत नाही. राज्यकर्त्यांनी मात्र चुलीला कधी क्षुल्लक समजलेले नाही. प्रजा काय खाते, कोणत्या दिवशी खाते आणि कोणत्या दिवशी मुद्दाम उपाशी राहते, यावर नजर ठेवणारी राज्ये होऊन गेली आहेत. त्यांतले एक राज्य आपल्या अगदी शेजारी, गोमंतकात, साडेचारशे वर्षे नांदले. त्या राज्याच्या सनदा आणि हुकूमनामे विद्वानांनी पुष्कळ तपासले आहेत. आम्ही येथे तोच इतिहास दुसऱ्या टोकाने, म्हणजे गोव्यातील ख्रिस्ती घरांच्या सणासुदीच्या ताटावरून, पाहण्याचा प्रयत्न करणार आहोत.

आरंभ पातोळीपासून करू. श्रावणाच्या सुमारास गोव्यातील कोणत्याही गावात परसदारी हळदीची पाने हातभर वाढलेली असतात. तांदूळ भिजवून, वाटून त्याचा लेप या पानावर द्यायचा, त्यावर खोवलेले खोबरे व माडाचा गूळ यांचे पुरण पसरायचे, पान मिटायचे आणि मोदकपात्रात वाफवायचे. वाफेबरोबर हळदीच्या पानाचा जो वास घरभर पसरतो तोच या पदार्थाचा खरा मसाला. हिंदू घरात ही पातोळी नागपंचमीला होते. त्या दिवशी चिरू नये, कापू नये, तळू नये, तवा चढवू नये असा आपला परंपरागत दंडक. तेव्हा वाफवलेला पदार्थ ओघानेच आला. आणि शेजारच्या ख्रिस्ती घरात हीच पातोळी १५ ऑगस्टला होते. तो दिवस मारियामातेच्या स्वर्गोन्नयनाचा सण होय. भिंत एक, पान एक, पुरण एक. सणाचे नाव मात्र निराळे. हे कसे घडले?

याचे उत्तर शोधण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. १५१० साली आल्बुकेर्कने गोवा घेतला आणि १५४३ साली बारदेश व साष्टी हे दोन महाल पोर्तुगीज अमलाखाली आले. तिसवाडीसह हा मुलूख म्हणजे पोर्तुगिजांच्या ‘जुन्या काबिजादी’. येथेच सोळाव्या शतकात गावेच्या गावे ख्रिस्ती झाली. १५६० साली गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, स्थापन झाले. मध्यंतरीची १७७४ ते १७७८ ही चार वर्षे वगळता ते १८१२ पर्यंत चालू राहिले. हे न्यायालय प्रामुख्याने बाटून ख्रिस्ती झालेल्यांसाठी होते. ख्रिस्ती झालेला मनुष्य मनातून जुना धर्म पाळतो की काय, हे हुडकून काढणे हे त्याचे मुख्य काम.

मनातले कसे ओळखावे? स्पेन आणि पोर्तुगाल या देशांत या न्यायालयांनी त्याची एक युक्ती आधीच बसवून ठेवली होती. तेथे ज्यू लोकांना सक्तीने ख्रिस्ती करण्यात आले होते. त्यांच्यातला कोण डुकराचे मांस टाळतो, शनिवारचे जेवण शुक्रवारीच कोणाच्या घरी शिजते, शनिवारी कोणाच्या धुराड्यातून धूर निघत नाही, हे शेजारी आणि मोलकरणी न्यायालयापुढे सांगत. अशा रीतीने स्वयंपाकघर हाच साक्षीदार झाला. हीच नजर पुढे समुद्र ओलांडून गोव्यात आली.

१७३६ साली गोव्याच्या इन्क्विझिशनने एक लांबलचक जाहीरनामा काढला. अनंत काकबा प्रियोळकर यांनी गोव्यातील इन्क्विझिशनवरील आपल्या १९६१ च्या इंग्रजी ग्रंथात त्याचा परामर्श घेतला आहे. ख्रिस्ती झालेल्यांनी काय काय करू नये याची ती यादी आहे. अंगणात तुळस लावू नये, पुरुषांनी धोतर व स्त्रियांनी चोळी वापरू नये, लग्नात ओव्या गाऊ नयेत, विड्याची पाने व फुले वाटू नयेत, एकादशीचा उपास करू नये. आणि या यादीत एक कलम भाताचे आहे! भात अळणी शिजवून मागाहून चवीपुरते मीठ घेण्याची जी हिंदूंची रीत आहे, तशी ख्रिस्त्यांनी शिजवू नये; मीठ शिजतानाच घालावे. लिस्बनच्या सिंहासनाचा आणि धर्मन्यायालयाचा दरारा गोमंतकातल्या एका मडक्यातील चिमूटभर मिठापर्यंत येऊन पोचला, हे वाचताना प्रथम हसू येते. परंतु याच चिमटीवरून शेजारी शेजाऱ्याविरुद्ध साक्ष देऊ शकत होता, हे ध्यानात आले म्हणजे ते हसू मावळते.

या बंदीने काहीच साधले नाही असे म्हणणे खरे होणार नाही. मिठाच्या बाबतीत न्यायालय जिंकले. भातात शिजतानाच मीठ टाकण्याची चाल गोव्याच्या ख्रिस्ती घरांत पुढे रुळून गेली. तुळस गेली आणि त्या जागी अंगणात क्रूस आला. ओव्यांचा प्रकार तर विलक्षण आहे. फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने १६१६ साली राचोल येथे ‘ख्रिस्तपुराण’ छापले, ते मराठी ओवीतच. ज्या छंदाने ख्रिस्ताची कथा गोमंतकाच्या घराघरांत पोचवली, तोच छंद सव्वाशे वर्षे उलटण्यापूर्वीच लग्नघरात गुन्हा ठरला. दरम्यान १६८३ साली संभाजीराजांनी साष्टी-बारदेशावर स्वारी केली आणि पुढच्याच वर्षी, १६८४ साली, लोकांनी तीन वर्षांत देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी असा हुकूम व्हाइसरॉयने काढला. न्यायालयाचा जाच, दुष्काळ आणि लढाया या सर्वांना कंटाळून कित्येक ख्रिस्ती कुटुंबे दक्षिणेकडे कानडा मुलखात, मंगळूरकडे उतरली. ती आपली कोंकणी भाषा बरोबर घेऊन गेली आणि आपले सणही घेऊन गेली. त्यांच्याकडे आम्हांला थोड्या वेळाने वळायचे आहे.

भाषेवर हुकूम निघाला, वस्त्रावर निघाला, मिठावर निघाला. मग पातोळी कशी उरली? आमच्या मते याचे कारण असे की पातोळी ही मूळची कोणत्याच देवाची नव्हे, ती पावसाची आहे. हळदीचे पान काही पोथी पाहून वाढत नाही. आषाढ लागला की ते वर येते आणि श्रावण-भाद्रपदात पुरते भरते. त्या काळात माडाचा गूळ आणि नारळ घरात असतो. समुद्र खवळलेला, मासळी दुर्मिळ. शेताची लावणी संपून हाताला थोडी उसंत मिळालेली. अशा वेळी घरातली बाई पानात तांदूळ-खोबरे वाफवणार, मग तिचे नाव काहीही असो. ख्रिस्ती पंचांगाने तिला फक्त तारीख दिली.

एकदा ही किल्ली हाती आली म्हणजे गोव्यातले सारे पावसाळी ख्रिस्ती सण उलगडू लागतात. २४ जून हा स्नापक योहानाचा जन्मदिवस, गोव्याचा ‘सां जुआंव’. योहानाने नदीत बाप्तिस्मा दिला, म्हणून तरुण डोक्यावर पानाफुलांची कोपेलां घालून, तुडुंब भरू लागलेल्या विहिरींत उड्या घेतात. नव्या जावयाला या दिवशी सासुरवाडीचे आमंत्रण असते आणि फणस, आंबे, अननस व घरच्या पक्वान्नांचे ‘वोजें’ दिले जाते. आमच्या आषाढतळणाची आणि जावयाच्या मानपानाची ज्यांना आठवण होईल त्यांना आम्ही दोष देणार नाही. पाठोपाठ २९ जूनला संत पेद्रू आणि पावलू यांचा सण. पेद्रू हा कोळी. तेव्हा होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवण्याच्या दिवसांत कोळी त्या एकमेकींना बांधून ‘सांगोड’ करतात, तिच्यावर गातात आणि एकत्र जेवतात.

पुढे ऑगस्टात हळवे भात निसवू लागते. साष्टीतील राय या गावी ५ ऑगस्टला ‘कोणसांचें फेस्त’ होते. कोणस म्हणजे कणीस. गावकरी पाद्रीबरोबर शेतात जातात, पहिली कणसे विळ्याने कापतात, ती चर्चमध्ये मंत्रवून घरोघर नेतात आणि देवघरातील क्रूसापाशी ठेवतात. आमच्याकडे नवान्नाचा किंवा दसऱ्याचा तुरा दारावर चढतो त्याचीच ही बहीण. राय येथून ज्यांचे पूर्वज दक्षिणेकडे गेले असतील, त्या मंगळूरच्या ख्रिस्त्यांत हाच सण ८ सप्टेंबरला, मारियेच्या जन्मदिनी, ‘मोंती फेस्त’ म्हणून होतो. आधीचे नऊ दिवस मुले मारियेला रोज फुले वाहतात. सणाच्या दिवशी मंत्रलेल्या कणसांचे दाणे सोलून, कुटून दुधात किंवा खिरीत घालतात आणि घरातला वडील माणूस ते सर्वांना वाटतो. मग जेवण. डुकराच्या मांसासाठी आणि मासळीसाठी ज्यांची ख्याती, त्या घरांत त्या दिवशी मांस-मासळीला मज्जाव असतो! केळीच्या पानावर निव्वळ भाज्या, त्याही विषम संख्येने : तीन, पाच, सात किंवा नऊ.

येथे आमचा एखादा वाचक उत्साहाने म्हणेल, “पाहा, हे लोक आतून अजून हिंदूच आहेत!” हा निष्कर्ष फार सोपा आहे आणि म्हणूनच तो तपासून घेतला पाहिजे. पोलंडमध्ये १५ ऑगस्टच्या याच सणाला शेतकरी बाया धान्याची कणसे, फुले आणि औषधी वनस्पती यांच्या जुड्या बांधून चर्चमध्ये मंत्रवून आणतात. लोक त्या दिवसाची मारिया ‘वनस्पतींची माता’ म्हणून ओळखतात. सिसिली बेटात १३ डिसेंबरला, संत लुचियेच्या सणाला, भाकरी-पाव वर्ज्य करून अख्खे गहू शिजवून खातात. एका दुष्काळात त्या दिवशी धान्याचे गलबत बंदराला लागले अशी तेथली कथा आहे. पोलंडात काही नागपंचमी नव्हती. म्हणजे नव्या कणसाला देवाच्या पायाशी नेणे ही शेतकऱ्याची रीत आहे, आणि ख्रिस्ती धर्म जेथे जेथे शेतकऱ्यांत गेला तेथे तेथे त्याने ती आपलीशी केली आहे. मोंती फेस्ताला खीर वाटणारा मंगळूरचा म्हातारा पुरता ख्रिस्ती असतो. त्याच्या खिरीवरून त्याच्या श्रद्धेत पाणी आहे असे ठरवणे म्हणजे १७३६ च्या न्यायाधीशाचाच झगा अंगावर चढवणे होय. त्याने मिठावरून धर्म ओळखला, आम्ही खिरीवरून ओळखू पाहतो. एवढाच काय तो फरक!

शिवाय देवघेव एकाच बाजूने झालेली नाही. पावसाळी सणांचे ताट या मातीचे, तर नाताळचे ताट अर्धे समुद्रापलीकडचे. ‘सोरपोतेल’ हा पदार्थ पोर्तुगालच्या ‘सारापातेल’चा वंशज, याच नावाचा भाऊबंद ब्राझीलमध्येही आहे. डुकराचे मांस व काळीज बारीक चिरून, मसाल्यात आणि शिरक्यात शिजवायचे. विंदालूचे मूळ नाव द्राक्षासव आणि लसूण यांवरून पडले आहे. परंतु गोव्यात द्राक्षे कोठली? म्हणून माडाच्या सुरेचा शिरका आला. सान्ना फुगवण्यासाठी खमीरही त्याच सुरेचे. शिरक्यामुळे सोरपोतेल दोन-तीन दिवस टिकते आणि मुरल्यावर अधिकच लागते; म्हणून गृहिणी ते आधीच करून ठेवते आणि मध्यरात्रीच्या मिस्सेला निश्चिंत मनाने जाते. ‘बिबिक’ घ्या : अंड्यांचा बलक आणि मैदा ही कल्पना पोर्तुगीज, तर नारळाचा घट्ट रस येथला. एक थर ओतायचा, झाकणावर सोडणांचे निखारे ठेवून तो वरून भाजायचा, मग दुसरा. असे सात थरांपासून सोळा थरांपर्यंत तासन् तास भट्टीपुढे बसणारी बाई ज्याने पाहिली, त्याला त्या वडीची किंमत सांगावी लागत नाही. आणि त्याच तबकात शेजारी काय असते? नेवऱ्यो, म्हणजे आपली करंजी. तांदळाचे पीठ, काळा गूळ आणि नारळाचा रस आटवून केलेला दोदोल. हरभऱ्याच्या डाळीचा ‘दोस’. आणि पेरूची ‘पेराद’.

पेरूचे नाव निघाले म्हणून आठवले. पेरू, काजू, अननस, बटाटा, रताळे, भुईमूग, मिरची ही सारी अमेरिका खंडातली. आपल्या साबुदाण्याचा कंदही तिकडचाच. यांपैकी कितीतरी वस्तू पोर्तुगीज गलबतांतून पश्चिम किनाऱ्यावर उतरल्या. आता आपल्या एकादशीचे ताट डोळ्यांपुढे आणा : साबुदाण्याची खिचडी, तीत दाण्याचे कूट, बटाट्याच्या फोडी, हिरवी मिरची, शेजारी उकडलेले रताळे. ज्या एकादशीवर इन्क्विझिशनने बंदी घातली, तिचा फराळ आज बव्हंशी त्या दर्यावर्दींच्या मार्गाने आलेल्या वस्तूंवर उभा आहे! तेव्हा पातोळी ‘त्यांनी आपली घेतली’ असे म्हणणाऱ्याने उपासाच्या दिवशी जरा जपून बोलावे हे बरे.

सणाच्या अन्नाचा आणखी एक विशेष सांगितला पाहिजे. तो म्हणजे ते घरात थांबत नाही. नाताळात ‘कोंसुआद’ नावाचे गोडाचे तबक विणलेल्या रुमालाखाली झाकून शेजारी जाते. ज्या घरात वर्षभरात मृत्यू झाला असेल तेथे पक्वान्न करीत नाहीत. तेथे ते बाहेरूनच पोचते. चवथीला आणि दिवाळीला तबकाची दिशा उलटते. फेस्ताच्या मैदानात आले-गुळाची खाजी विकणारे जे हलवाई दिसतात, तेच पुढल्या पंधरवड्यात देवळाच्या जत्रेत दिसतात. गावच्या क्रूसापुढे लादाइन, म्हणजे सामुदायिक प्रार्थना, झाली की उकडलेले चणे खोबऱ्याच्या कातळ्यांसह वाटले जातात. त्याला प्रसाद हा शब्द नसला तरी हात पुढे करण्याची रीत तीच. आणि लग्नाआधी ‘भिकाऱ्यांचें जेवण’ होते. घरातील गेलेल्या माणसांच्या स्मरणार्थ गावातील गरिबांना मानाने बसवून, पोटभर वाढून, मगच मंगलकार्याला हात घालायचा. पितरांचे ऋण फेडण्याचा हा मार्ग कोणत्या धर्माचा, हे ठरवीत बसण्यापेक्षा त्या पंक्तीतला गरीब जेवून उठला, हे आम्हांला मोलाचे वाटते.

हे सारे गोव्याचे झाले. परंतु मराठी वाचकाला इतके दूर जाण्याचेही कारण नाही. १५३४ ते १७३९ अशी दोनशे वर्षे वसई पोर्तुगिजांकडे होती. चिमाजी आप्पांनी ती घेतली तेव्हा फिरंगी गेले. पण ख्रिस्ती झालेला शेतकरी, कोळी, माळी कोठे जाणार? तो आपल्या वाडीत राहिला आणि मराठीची आपली बोली बोलत राहिला. मुंबई-साष्टीतील त्याच्या भाऊबंदांनी १८८७ साली ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले. नाव इंग्रजी, बोली मराठी. त्यांच्यात ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी ‘आगेरा’ होतो, म्हणजे भाताच्या लोंब्या वाजतगाजत चर्चमध्ये नेऊन मंत्रवून घेण्याचा सण. राय, मंगळूर आणि वसई यांच्या तारखा वेगळ्या, कारण त्या त्या ठिकाणी हा सण आपल्या कणसाची वाट पाहतो. उन्हाळ्यात वळीव येण्यापूर्वी या घरांतल्या बाया वीस-पंचवीस जिनसा भाजून, कुटून जो मसाला बाटल्यांत ठासून भरतात, तो वर्षाच्या सर्व सणांची बेगमी असतो. लग्नाला उंबराचे पाणी आणि पंक्तीला फुगे, असा त्यांचा थाट. यातले किती आम्हांला ठाऊक असते? आम्ही वसईची केळी खातो, वसईचा रणसंग्राम शाळेत शिकतो, आणि तेथला माणूस सणाला काय रांधतो हे विचारायचे राहून जाते.

आता काळ बदलला आहे. बिबिक दुकानात मिळते. २०२३ साली तिला भौगोलिक मानांकनही लाभले. हळदीची पाने परसातून न येता म्हापशाच्या बाजारातून येतात. किनाऱ्यालगतच्या कित्येक खाजणांत आणि शेतांत आता भात पिकत नाही. तेव्हा कोणसांच्या फेस्ताला कणीस कोठून आणावे असा प्रश्न काही गावांना पडू लागला आहे. धर्मन्यायालयाने जे केले नाही ते पडीक शेत करील की काय, अशी आम्हांला धास्ती वाटते. कारण ज्या पातोळीला हुकूमनामा मारू शकला नाही, ती पानावाचून मात्र जगणार नाही.

असो. चुलीच्या या पंचांगावरून आम्ही एवढेच शिकलो की ताटावरून माणसाचा धर्म ओळखू जाऊ नये. ओळखलाच तर त्याचा पाऊस, त्याची जमीन आणि त्याचा शेजार ओळखावा. अडीचशे वर्षे एक न्यायालय ताटावरून मने वाचीत बसले होते. ते १८१२ साली बंद झाले. त्याची सवय मात्र आपल्यांतून अजून गेलेली नाही. येत्या १५ ऑगस्टला एखाद्या ख्रिस्ती शेजाऱ्याकडून हळदीच्या पानातली वाफाळती पातोळी आली, तर ती कोणाची याचा खल न करता गरम असतानाच खावी आणि तबक रिकामे परत पाठवू नये.